धातुशोधक यंत्र : ते काय सांगते आणि काय सांगत नाही

मोठ्या देवस्थानाच्या प्रवेशद्वारी, न्यायालयाच्या आवारात, विमानतळावर किंवा मंत्रालयासारख्या शासकीय इमारतीत शिरताना एका उभ्या चौकटीतून आत जावे लागते, ही गोष्ट आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. पुढे उभा असलेला शिपाई हातातील दांडीवजा यंत्र अंगाभोवती फिरवतो, ते वाजते, खिशातील किल्ल्या बाहेर निघतात आणि माणूस आत जातो. बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरील पुड्यांतून तारेचा बारीक तुकडा हुडकून काढणारे यंत्र, युद्ध संपलेल्या प्रदेशात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारे यंत्र आणि शेतात हरवलेला नांगराचा फाळ शोधून देणारे यंत्र ही सर्व त्याच कुळातील होत. या कुळाचे नाव धातुशोधक.

या यंत्राचा प्रसार जितका झाला, तितकी त्याच्याविषयीची माहिती मात्र पसरली नाही. हे यंत्र सोने ओळखते, स्फोटके हुंगते, पुरुष-दोन पुरुष खोलीवरचा हंडा दाखवते अशा समजुती सर्रास आढळतात. या समजुती निरुपद्रवी नाहीत. त्यांच्यापायी सार्वजनिक पैसा वाया जातो, सुरक्षिततेचा खोटा भरवसा निर्माण होतो आणि भोळ्या माणसांची फसवणूक होते. म्हणून हे यंत्र नेमके कसे चालते, त्याचे प्रकार कोणते आणि एका धातूपासून दुसरा धातू ते कितपत वेगळा काढू शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हाक आणि साद

या यंत्रामागील तत्त्व मायकेल फॅरेडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात विद्युत्‌वाहक पदार्थ ठेवला, तर त्या पदार्थात आपोआप विजेचा प्रवाह निर्माण होतो. यालाच विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

धातुशोधकात तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा किंवा थांबून थांबून वाहणारा प्रवाह सोडला, की वेटोळ्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते. ही यंत्राची हाक. या क्षेत्राच्या टप्प्यात एखादा धातूचा तुकडा आला, की त्याच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यांप्रमाणे गोल फिरणारे लहान लहान प्रवाह उत्पन्न होतात. या भोवरा-प्रवाहांचे स्वतःचे असे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ती धातूची साद. यंत्राचे सारे काम ही क्षीण साद ऐकण्याचे आहे. ते धातूला पाहत नाही, स्पर्श करीत नाही, त्याचे रासायनिक पृथक्करणही करीत नाही. पुढचे सर्व गुणदोष या एकाच गोष्टीतून निघतात.

साद किती क्षीण असते, याची कल्पना एका नियमावरून येईल. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने नाणे बरेच दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच हाक आठव्या हिश्श्यावर येते. परत येणारी सादही तशीच आठव्या हिश्श्याने घटते. म्हणजे यंत्रापर्यंत पोहोचणारी साद मूळच्या एक चौसष्टांश उरते. म्हणूनच हाती धरायच्या यंत्राला एखादे नाणे सामान्यतः वीत-दीड वीत खोलीपर्यंतच लागते. मोठे वेटोळे अधिक खोल जाते खरे. परंतु लहान वस्तू त्याच्या नजरेतून निसटतात.

एका राष्ट्राध्यक्षाची शुश्रूषा

धातूचा असा शोध घेण्याचा एक आरंभीचा आणि गाजलेला प्रयत्न दुःखद प्रसंगी झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टन येथे गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात राहिली होती आणि ती कोठे आहे हे समजत नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षे अवकाश होता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दोन वेटोळ्यांचा समतोल साधणारे एक उपकरण तयार केले. यादवी युद्धातील ज्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहिल्या होत्या, त्यांच्यावर ते वापरून पाहिले. तेथे ते उपयोगी ठरले. राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपाशी मात्र ते गोंधळले. त्यांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री असल्याने शोध त्याच बाजूस घेतला गेला. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आणि खोलवर आढळली.

या घटनेतील बोध आजही जुना झालेला नाही. यंत्राचे तत्त्व बरोबर असूनही सभोवतालचे लोखंड, वस्तूची खोली आणि वापरणाऱ्याचा पूर्वग्रह यांमुळे उत्तर चुकू शकते.

तीन प्रमुख प्रकार

धातूची साद ऐकण्याच्या रीतीवरून धातुशोधकांचे मुख्यतः तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार दोन आंदोलकांचा. दोन तंबोऱ्यांच्या तारा जवळजवळ एकाच स्वरात लावल्या, पण त्यांत किंचित फरक राहिला, तर आवाज हेलकावे घेतो, हा अनुभव गवयांना नित्याचा आहे. या यंत्रात तसेच घडते. आतील एक आंदोलक ठरलेल्या कंप्रतेने चालतो. दुसऱ्याची कंप्रता शोधक वेटोळ्यावर अवलंबून असते. एकाची कंप्रता सेकंदाला १,००,००० आणि दुसऱ्याची १,००,५०० असेल, तर दोहोंतील फरक म्हणून ५०० कंपनांचा सूर कानी पडतो. वेटोळ्याजवळ धातू आला की दुसऱ्याची कंप्रता सरकते आणि सूर बदलतो. तांबे, पितळ यांसारखा धातू ती वाढवतो, तर लोखंडाचा लहान तुकडा ती कमी करतो. ही रचना साधी आणि स्वस्त आहे. परंतु तिची पोहोच थोडी, आणि जमिनीतील खनिजे किंवा हवेतील उष्णता यांमुळेही तिचा सूर ढळतो. लोखंडाचा मोठा सपाट पत्रा तर तिला तांब्यासारखाही भासू शकतो.

दुसरा प्रकार समतोल वेटोळ्यांचा. यात एक वेटोळे हाक देते आणि दुसरे ऐकते. दोन्ही अशा बेताने बसवलेली असतात की जवळ धातू नसताना ऐकणाऱ्या वेटोळ्यात काहीच उमटत नाही. तराजूची पारडी समतोल असावीत, तशी ही स्थिती असते. धातू जवळ आला की समतोल मोडतो. बेल यांच्या उपकरणाचे हे सुधारलेले वंशज होय. ते बहुधा सेकंदाला काही हजार ते काही दशसहस्र कंपनांवर चालते. धातूंमध्ये भेद करण्याचे काम मुख्यतः याच प्रकाराकडून होते. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकाला हाती वागवता येईल असा सुरुंगशोधक सिद्ध केला आणि १९४२ साली एल अलामीनच्या लढाईत तो ब्रिटिश फौजांच्या उपयोगी पडला.

तिसरा प्रकार स्पंदांचा. यात वेटोळ्यातून प्रवाहाचे तीव्र पण अल्पकाळ टिकणारे झटके सोडले जातात. सेकंदाला शेकडो किंवा हजारोही. प्रत्येक झटका एकदम तोडला जातो आणि नंतर सेकंदाच्या काही लक्षांश भागाने यंत्र कान देते. घंटेवर टोला मारल्यावर तिचा नाद रेंगाळतो, तसे धातूतील भोवरा-प्रवाह क्षणभर रेंगाळत असतात. पातळ पत्र्यात ते चटकन विरतात, जाड तांब्यात कितीतरी अधिक काळ टिकतात. खाऱ्या, ओल्या वाळूत निर्माण होणारा प्रवाह त्याहून आधीच विरून जात असल्याने समुद्रकिनाऱ्यावर हा प्रकार विशेष उपयुक्त ठरतो. त्याची पोहोचही चांगली असते. परंतु लोखंडाचा खिळा आणि पितळेचे नाणे यांत भेद करणे त्याला अवघड जाते.

धातूंची पारख कशी होते?

वीज वाहून नेण्याची शक्ती सर्व धातूंत सारखी नसते. चांदीची संवाहकता १०० धरली, तर तांब्याची सुमारे ९५, सोन्याची ७०, ॲल्युमिनियमची ६०, लोखंडाची १६, शिशाची ८ आणि भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गंजरोधक पोलादाची अवघी २ भरते. धातूंच्या पारखीचा पाया हाच आहे.

समतोल वेटोळ्यांच्या यंत्रात परतणाऱ्या सादेचे दोन गुण मोजले जातात. एक तिचा जोर आणि दुसरा तिला लागलेला विलंब. वस्तू मोठी की लहान, जवळ की दूर, यावर जोर अवलंबून असतो. विलंब मात्र मुख्यतः वस्तूचा धातू, जाडी आणि घडण यांवर ठरतो. चांदीचे जाड नाणे अधिक विलंबाने उत्तर देते, तर ॲल्युमिनियमचा पातळ कागद कमी विलंबाने. लोखंडाची गोष्ट निराळी. त्यात भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि त्याबरोबर ते स्वतः चुंबकित होऊन लगेच उत्तर देते. म्हणून त्याची साद मापनपट्टीच्या दुसऱ्याच टोकाला पडते. यंत्रावर दिसणारा आकडा किंवा बदलणारा सूर हा या विलंबाचा निदर्शक असतो. खोली वाढली तरी विलंब फारसा बदलत नाही, म्हणून ही पारख शक्य होते.

परंतु येथेच एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. यंत्र धातूचे नाव सांगत नाही. संवाहकता, जाडी आणि आकार या तिन्हींच्या एकत्रित परिणामाचा एकच आकडा ते सांगते. त्यामुळे सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचे बाटलीचे झाकण यांचा आकडा एकच येऊ शकतो. सोन्याच्या बारीक साखळीतील प्रत्येक कडी जणू निराळी असल्याने साखळीची साद वजनाच्या मानाने फारच क्षीण येते. अखंड कडे ठणठणीत उत्तर देते; तेच एका जागी तुटले की त्याचा आवाज पडतो. नाणे आडवे असले तर सहज सापडते, कडेवर उभे असले तर हुलकावणी देते. गंजलेला खिळा शेजारी पडलेला असेल, तर चांगल्या नाण्याची साद त्याच्या सादेत लोपून जाते. सारांश, पारख म्हणजे अनुमान होय, खात्री नव्हे. "केवळ सोने दाखवणारे" म्हणून कोणी यंत्र विकू लागला, तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवावा.

जमिनीचाही यात वाटा असतो. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या अग्निजन्य खडकाने व्यापला आहे, त्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. कोकणातील तांबडा जांभाही लोहयुक्त आहे. अशी जमीन स्वतःच यंत्राला साद देते. म्हणून चांगल्या यंत्रात जमिनीची साद वजा करण्याची सोय असते आणि प्रत्येक नव्या जागी ती नव्याने जुळवून घ्यावी लागते. परदेशच्या रेताड मैदानात मिळालेल्या खोलीचे आकडे आपल्या मातीत जसेच्या तसे मिळतील, अशी अपेक्षा धरू नये.

प्रवेशद्वारातील चौकट आणि कारखान्यातील बोगदा

उभ्या चौकटीच्या एका खांबात हाक देणारी आणि दुसऱ्यात ऐकणारी वेटोळी बसवलेली असतात. उंचीनुसार त्यांचे विभाग पाडलेले असल्याने धातू पायाशी आहे, कमरेशी आहे की खांद्याशी, हे दिव्यावरून कळते. तिची संवेदनशीलता किती ठेवायची, हा मात्र यंत्राचा प्रश्न नसून व्यवस्थापनाचा आहे. ती फार वाढवली तर मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, पट्ट्याचे बक्कल अशा प्रत्येक वस्तूला चौकट वाजू लागते. जत्रेच्या गर्दीत सतत वाजणाऱ्या चौकटीकडे कोणी लक्ष देत नाही. मग वाजणारी आणि बंद पडलेली चौकट यांत फरक उरत नाही. ती फार कमी केली, तर लहान पाते निसटून जाते. ज्या आकाराच्या वस्तूला अटकाव करावयाचा, ती आधी ठरवून त्यानुसार चौकट लावणे हाच मार्ग होय.

आणखी एक मर्यादा मूलभूत आहे. धातुशोधक स्फोटके ओळखत नाही, अमली पदार्थही ओळखत नाही. ज्या वस्तूत धातू नाही, तिची त्याला दखलच नाही. धातूचा केवळ कण असणारे सुरुंग शोधणे म्हणूनच जगभर जिकिरीचे ठरले आहे. यास्तव चौकट ही तपासणीची पहिली पायरी समजावी, अखेरची नव्हे.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यातील यंत्र बोगद्यासारखे असते. मधले वेटोळे हाक देते आणि दोन्ही बाजूंची दोन वेटोळी परस्परांना छेद देत समतोल राखतात. त्यातून जाणाऱ्या पुड्यात धातूचा कण असेल, तर समतोल ढळतो आणि तो पुडा पट्ट्यावरून बाजूला काढला जातो. ओले आणि खारट पदार्थ थोडीफार वीज वाहून नेत असल्याने ते स्वतःच साद देतात. गंजरोधक पोलादाचा कण तर सर्वांत दुर्मिळपणे हाती लागतो. कारण उघड आहे: त्याची संवाहकता अवघी दोन.

फसवणुकीपासून सावध

सामान्य धातुशोधकाच्या मर्यादा ज्यांना ठाऊक नसतात, ते चमत्कारी यंत्रांना सहज बळी पडतात. याचे भयानक उदाहरण इराकमध्ये घडले. मुठीत बसवलेली, मोकळी फिरणारी अँटेना एवढेच ज्यात होते, असे एडीई ६५१ नावाचे उपकरण बॉम्बशोधक म्हणून तेथील तपासणी नाक्यांवर मोठ्या प्रमाणात विकत घेण्यात आले. त्याला विजेरीचीही गरज नव्हती, कारण त्यात चालण्यासारखे काही नव्हतेच. त्याच्यावर विसंबून लोकांची तपासणी होत राहिली आणि बॉम्बस्फोटही होत राहिले. ते विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्यास २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

अशी फसवणूक ओळखण्यास शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. दहा सारख्या खोकी घ्यावीत. एकात धातूची वस्तू ठेवावी. ती कोणत्या खोक्यात आहे हे यंत्र चालवणाऱ्याला आणि तेथे उपस्थित असलेल्या कोणालाही ठाऊक नसावे. हा प्रयोग वीस वेळा करावा. खरे यंत्र बहुतेक वेळा अचूक उत्तर देईल. केवळ अंदाजाने वीसातून सरासरी दोनदाच बरोबर येईल. खरेदी समितीने विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावर न जाता स्वतः अशी परीक्षा घेतली, तर पुष्कळ अनर्थ टळेल.

गुप्तधनाच्या नादी लावणाऱ्यांची गोष्टही निराळी नाही. कोणी मांत्रिक हाती यंत्र घेऊन येतो, घराच्या जोत्यापाशी ते वाजवून दाखवतो आणि खोदकामाच्या नावाखाली पैसे उकळतो. यंत्र वाजले याचा अर्थ तेथे धातू आहे एवढाच. तो जुना खिळा असू शकतो किंवा नळाचा तुकडाही. गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही ग्रामस्थांना सांगितले पाहिजे.

सापडलेल्या वस्तूचे काय?

जमिनीत खरोखरच मौल्यवान काही सापडले, तर ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ या नावाने ओळखला जाणारा १८७८ चा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन आढळल्यास ते काय व किती आहे, कोठे आणि कोणत्या तारखेस सापडले, याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांच्या परिसरात तर परवानगीवाचून खोदकाम करताच येत नाही.

या नियमांमागे केवळ मालकीचा प्रश्न नाही. १९७४ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थाला कांस्याच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यातील उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा यांच्या या मूर्तींचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. त्या शास्त्रीय उत्खननात, आपल्या मूळ थरात सापडल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. तो शोध अपघाताने लागला होता, त्यात कोणाचा दोष नव्हता. परंतु यंत्र घेऊन मुद्दाम केलेली चोरटी खोदाई असा पुरावा कायमचा नष्ट करते. धातू हाती येतो, पण त्याचा इतिहास मातीत विखरून जातो.

शाळेत आणि कार्यालयात

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची नळी उभी धरावी आणि तिच्यात सैलसर मावेल असा शक्तिशाली लहान चुंबक वरून सोडावा. या धातूंना चुंबक चिकटत नाही, तरीही तो नळीतून संथपणे उतरतो. तितक्याच लांबीच्या प्लास्टिकच्या नळीतून तो झटकन खाली पडतो. पडणाऱ्या चुंबकाला अडवणारे ते भोवरा-प्रवाहच होत. धातुशोधक ज्यांची साद ऐकतो, तेही हेच.

चौकटीची व्यवस्था ज्यांच्याकडे आहे, त्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. चौकट लोखंडी दारे, विजेच्या मोटारी आणि दुसरी चौकट यांपासून पुरेशी दूर असावी. दररोज काम सुरू होण्यापूर्वी ठरावीक नमुना पायाशी, कमरेशी आणि डोक्याशी धरून ती वाजते की नाही ते पाहावे व नोंदवहीत लिहावे. ज्यांच्या हृदयाजवळ गतिनियामक बसवलेला आहे, त्यांनी तसे सांगितल्यास हाताने तपासणी करावी आणि दांडीचे यंत्र त्यांच्या छातीशी रेंगाळू देऊ नये. गुडघ्यात कृत्रिम सांधा असलेल्या वृद्धांमुळे चौकट वाजू शकते, म्हणून त्यांना संशयाने वागवू नये. स्त्रियांची तपासणी आडोशाला, स्त्री कर्मचाऱ्यांकडूनच व्हावी.

यंत्र एवढेच सांगते की येथे वीज वाहून नेणारे काहीतरी आहे. ते काय आहे, तेथे का आहे आणि त्याचे पुढे काय करावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते. ही मर्यादा ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती धातुशोधक हे उत्तम साधन ठरेल.